जोडीदाराचे अमली पदार्थांचे व्यसन कौटुंबिक न्यायालयात सिद्ध करताना : तयारी, क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

घरातल्या माणसाचे व्यसन नातेवाइकांना माहीत असते, शेजाऱ्यांना माहीत असते, मुलाच्या वर्गशिक्षिकेलाही त्याचा अंदाज आलेला असतो, आणि तरीही घटस्फोटाच्या दाव्यात ते ‘सिद्ध झाले नाही’ असा निष्कर्ष निघतो. बहुतेक वेळा पुरावा असतो, पण तो उशिरा गोळा केलेला असतो, चुकीच्या क्रमाने मांडलेला असतो, किंवा ज्या मुद्द्यासाठी तो हवा त्या मुद्द्याशी जोडलेलाच नसतो. महाराष्ट्रातील कौटुंबिक न्यायालयात हिंदू विवाह कायदा, १९५५ किंवा विशेष विवाह कायदा, १९५४ या कायद्यांखाली अर्ज करणाऱ्या पत्नीने किंवा पतीने कोणती तयारी कोणत्या क्रमाने करावी, ते येथे सांगितले आहे. गोव्यात कौटुंबिक कायदा वेगळा असल्याने तेथील वाचकांनी हा क्रम जसाच्या तसा लावू नये.

टप्पा १ : नेमके काय सिद्ध करायचे आहे ते आधी ठरवा

हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ मध्ये अमली पदार्थांचे व्यसन हे घटस्फोटाचे स्वतंत्र कारण म्हणून दिलेले नाही. त्यामुळे ‘तो गर्द घेतो’ किंवा ‘ती गोळ्यांच्या आहारी गेली आहे’ एवढे सिद्ध करून घटस्फोट मिळत नाही. त्या व्यसनातून घडलेले वर्तन, म्हणजे मारहाण, धमक्या, दागिने गहाण टाकणे, रात्र-रात्र घराबाहेर राहणे, नोकरी घालवणे, मुलाला एकटे सोडून जाणे, हे क्रूरता ठरते असे दाखवावे लागते.

मुलाच्या ताब्याचा प्रश्न याहून वेगळा आहे. तेथे क्रूरता नव्हे, तर मुलाचे हित हा एकच निकष सर्वोच्च मानला जातो. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा, १९५६ चे कलम १३ तेच सांगते. जोडीदार व्यसनी असूनही मुलाशी त्याचे वागणे सुरक्षित असल्याचे न्यायालयाला दिसले, तर भेटीचा हक्क पूर्ण बंद होत नाही. म्हणून प्रत्येक पुराव्याला दोन प्रश्न विचारा : यातून माझ्यावर झालेला कोणता त्रास दिसतो? यातून मुलाला असलेला कोणता धोका दिसतो? दोन्हींची उत्तरे ‘काहीच नाही’ अशी आली, तर तो कागद नुसते वजन वाढवतो.

सिद्धतेचे प्रमाण फौजदारी खटल्याइतके कडक नसते. पुण्यातील दास्ताने दांपत्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७५ साली स्पष्ट केले की वैवाहिक दाव्यात ‘संशयाला जागा नको’ हा निकष नाही. कोणती बाजू अधिक संभाव्य वाटते, ते पाहिले जाते. ही मोठी सवलत आहे, पण ती सुसंगत पुरावा देणाऱ्यालाच उपयोगी पडते.

पडताळणी : पुढे जाण्यापूर्वी एका पानावर तीन ओळी लिहा. कोणता पदार्थ, त्यामुळे कोणते वर्तन, त्याचा मुलावर कोणता परिणाम. पहिली ओळ अंदाजाने लिहावी लागत असेल, तर ‘अमली पदार्थ’ एवढेच लिहा. पदार्थाचे चुकीचे नाव उलटतपासात महाग पडते.

टप्पा २ : सुरक्षितता आणि हात न लावण्याच्या गोष्टी

मारहाण किंवा मुलाच्या जिवाला धोका असेल, तर पुराव्याच्या आधी ११२ या क्रमांकावर फोन करा. पत्नीला कौटुंबिक हिंसाचार कायदा, २००५ खाली संरक्षण, निवास आणि मुलाचा तात्पुरता ताबा मागता येतो, आणि संरक्षण अधिकाऱ्याने तयार केलेला घटनेचा अहवाल पुढे घटस्फोटाच्या दाव्यातही उपयोगी ठरतो. महिलांना उत्पन्नाची अट न लावता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. ‘वकील परवडत नाही’ म्हणून महिने वाया घालवू नका.

आता सर्वांत घातक चुकीविषयी. कपाटात पुडी सापडली की अनेक जण ती पुरावा म्हणून आपल्या पर्समध्ये किंवा माहेरच्या घरी नेऊन ठेवतात. अमली पदार्थविरोधी कायदा, १९८५ खाली पदार्थ जवळ बाळगणे हाच गुन्हा आहे, आणि तो ‘पुराव्यासाठी ठेवला होता’ हे सांगत बसण्याची वेळ तुमच्यावर येऊ शकते. पदार्थाला हात न लावता तो जेथे आहे तेथेच छायाचित्र घ्या, शक्य असल्यास एखाद्या प्रौढ नातेवाइकाला दाखवा, आणि त्याच दिवशी वकिलाशी बोला. साठा मोठा असेल तर विलंब करूच नका, कारण आपल्या जागेचा अशा कामासाठी जाणूनबुजून वापर होऊ देणे हाही त्या कायद्यात स्वतंत्र गुन्हा आहे.

खबरदारी : जोडीदाराला धडा शिकवण्यासाठी पोलिसांना खोटी खबर देऊ नका. खोडसाळपणे खोटी माहिती देऊन झडती किंवा अटक घडवणाऱ्याला त्याच कायद्याच्या कलम ५८ खाली दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. शिवाय खोट्या तक्रारी आणि बदनामीकारक आरोप हीच मानसिक क्रूरता ठरू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने के. श्रीनिवास राव खटल्यात २०१३ साली म्हटले आहे. म्हणजे तुमच्या आरोपावरच समोरच्याला घटस्फोट मिळू शकतो.

जोडीदाराला बळजबरीने गाडीत घालून खाजगी केंद्रात डांबणे आणि मग त्या दाखल्याचा पुरावा करणे, हाही मार्ग टाळा. तो माणूस आजारी आहे आणि त्याला उपचारांचा हक्क आहे. दाखल करण्याची कायदेशीर पद्धत मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मध्ये दिलेली आहे. मार्गदर्शनासाठी १४४४६ हा राष्ट्रीय व्यसनमुक्ती दूरध्वनी क्रमांक आहे.

टप्पा ३ : घटनांची नोंदवही

सर्व कागदांचा कणा ही वही असते. शिवलेली, पाने फाडली तर कळेल अशी वही घ्या आणि घटना घडली त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी लिहा. प्रत्येक नोंदीत तारीख, वेळ, ठिकाण, डोळ्यांनी काय दिसले, कानांनी काय ऐकले, तेव्हा मूल कोठे होते आणि आणखी कोण हजर होते, एवढेच असावे. ‘नेहमीसारखा नशेत होता’ हे निदान झाले. ‘रात्री पावणेबाराला आला, डोळे लाल होते, जिन्यात दोनदा पडला, मुलाचे नाव विसरला’ हे निरीक्षण आहे. न्यायालयाला निरीक्षण हवे असते.

चांगल्या दिवसांचीही नोंद करा. तीन महिने शुद्धीत राहिलेला माणूस तुमच्या वहीत रोज नशेत दिसत असेल, तर उलटतपासात संपूर्ण वहीवरचा विश्वास उडतो. मागील घटना आठवणीने लिहिताना ‘आज आठवून लिहिले’ असे वर स्पष्ट नमूद करा. जुन्या तारखा टाकून एकाच पेनने, एका बैठकीत लिहिलेली वही मी पाहिली आहे. तिच्यातील घटना खऱ्या असाव्यात असे मला आजही वाटते, पण तिचा उपयोग समोरच्या वकिलालाच झाला.

टप्पा ४ : कागद, आणि ते कोठून मिळतात

उपचारांचे कागद सर्वांत वजनदार असतात. घरात असलेली औषधांची चिठ्ठी, डिस्चार्ज कार्ड, केंद्राची पावती यांची छायाचित्रे घ्या. डिस्चार्ज कार्डावर निदानासमोर ‘एफ’ अक्षराने सुरू होणारा सांकेतिक क्रमांक असू शकतो : एफ ११ म्हणजे अफूजन्य पदार्थ, एफ १२ म्हणजे गांजा-चरस, एफ १४ म्हणजे कोकेन, एफ १९ म्हणजे अनेक पदार्थ. एफ १० म्हणजे दारू. तो दाखवून ‘ड्रग्ज घेतो’ असे म्हटले तर खोटे बोलल्याचा शिक्का बसतो.

रुग्णालयाकडे जाऊन संपूर्ण केस पेपर मागितले तर नकार मिळेल, आणि तो योग्यच आहे, कारण २०१७ च्या कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. ओळखीच्या कर्मचाऱ्याकडून कागद काढून घेऊ नका. रुग्णालयाचे नाव, दाखल झाल्याची तारीख आणि डॉक्टरांचे नाव एवढी माहिती टिपून ठेवा. ते कागद पुढे न्यायालयाच्या आदेशाने मागवता येतात.

पोलिसांकडील कागदांत अदखलपात्र नोंदीची प्रत, प्रथम माहिती अहवाल आणि नशेत वाहन चालवल्याबद्दलच्या कारवाईचे कागद येतात. अदखलपात्र नोंदीची प्रत त्याच दिवशी घेऊन ठेवा.

पैशांचे कागद स्वतःहून काही सांगत नाहीत. बँकेच्या उताऱ्यात एकाच अनोळखी माणसाला आठवड्यातून तीनदा पाचशे-हजार रुपये गेले, यावरून पदार्थ विकत घेतल्याचे सिद्ध होत नाही. पण पगाराच्या दुसऱ्या दिवशी खाते रिकामे होणे, सोनेतारण कर्जाच्या पावत्या, शाळेची थकलेली फी आणि वहीतल्या त्याच आठवड्याच्या नोंदी शेजारी-शेजारी ठेवल्या की चित्र उभे राहते.

मुलाशी संबंधित कागद मात्र अनेक जण विसरतात, आणि ताब्याच्या अर्जात नेमके त्यांचेच मोल असते. शाळेतील हजेरी, उशिरा नेल्याबद्दल शिक्षकांनी डायरीत लिहिलेला शेरा, चुकलेल्या लसी, बालरोगतज्ज्ञांच्या भेटीला कोण घेऊन गेले याची नोंद, हे सर्व मागा. सोसायटीच्या कॅमेऱ्यातील चित्रण काही दिवसांतच पुसले जाते, म्हणून घटनेनंतर लगेच सचिवांना लेखी अर्ज देऊन त्याची पोच घ्या.

टप्पा ५ : मोबाइलमधील पुरावा

येथे सर्वाधिक गोंधळ होतो. भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ हा १ जुलै २०२४ पासून लागू आहे आणि त्याच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्याबरोबर प्रमाणपत्र लागते. अधिनियमाच्या अनुसूचीत दिलेल्या या प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत. भाग ‘अ’ पुरावा देणाऱ्याने भरायचा, भाग ‘ब’ तज्ज्ञाने. दोन्हींत त्या फाइलचे ‘हॅश’ मूल्य, म्हणजे फाइल बदललेली नाही हे दाखवणारा आकडा, लिहावा लागतो. जुन्या कायद्याखालीही असे प्रमाणपत्र आवश्यक असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने अर्जुन खोतकर यांच्या जालन्यातील निवडणूक खटल्यात २०२० साली सांगितले होते.

पुढील क्रम पाळा. प्रथम मूळ मोबाइल जपून ठेवा. तो विकू नका, बदलून घेऊ नका, साफ करू नका. मग संपूर्ण संभाषण एक्सपोर्ट करा. मधलेच चार संदेश कापून घेतलेले स्क्रीनशॉट संशय वाढवतात. मूळ ध्वनिफितीतले काहीही छाटू नका. त्यानंतर लेखी प्रत तयार करा आणि तीत बोललेले शब्द जसेच्या तसे, शिव्यांसकट, वेळेच्या नोंदीसह लिहा. ‘माल’, ‘सामान’, ‘बटन’ असे शब्द आले, तर त्यांचा अर्थ त्या प्रतीत घुसडू नका. तो साक्षीत सांगायचा असतो.

पती-पत्नीमधील गुपचूप ध्वनिमुद्रित केलेले संभाषण वैवाहिक दाव्यात पुरावा म्हणून घेता येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने विभोर गर्ग खटल्यात १४ जुलै २०२५ रोजी दिला. शिवाय कौटुंबिक न्यायालय कायदा, १९८४ च्या कलम १४ ने या न्यायालयांना पुरावा स्वीकारण्याचे विस्तृत अधिकार दिले आहेत. मात्र स्वीकारला जाणे आणि विश्वास बसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

खबरदारी : वरील निर्णय म्हणजे हेरगिरीचा परवाना नव्हे. जोडीदाराच्या मोबाइलमध्ये पाळत ठेवणारे अॅप टाकणे, त्याचे ईमेल परवानगीशिवाय उघडणे किंवा त्याचे तिसऱ्या व्यक्तीशी चाललेले बोलणे चोरून पकडणे यांतून माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली तक्रार होऊ शकते. आणि मुलाच्या हातात मोबाइल देऊन ‘बाबांचे रेकॉर्डिंग कर’ असे कधीही सांगू नका.

टप्पा ६ : अर्ज लिहिताना

जे अर्जात लिहिलेले नाही, त्याचा पुरावा देता येत नाही. ‘प्रतिवादी व्यसनी असून अर्जदारास अतोनात त्रास देतो’ हे वाक्य असंख्य अर्जांत असते, आणि त्याने काहीही साधत नाही. वहीतून सर्वांत ठळक आठ-दहा घटना निवडा. प्रत्येकीला तारीख, ठिकाण आणि उपलब्ध कागद जोडा. मग कालक्रमाने परिच्छेद लिहा. यादीत नसलेला कागद नंतर दाखल करण्यासाठी न्यायालयाची परवानगी मागावी लागते, म्हणून कागदांची यादी अर्जाबरोबरच द्या.

माफ केलेल्या घटनांबद्दल लपवाछपवी करू नका. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २३ नुसार क्रूरता माफ केली असेल तर घटस्फोट नाकारला जाऊ शकतो, आणि व्यसनाच्या संसारात माफी वारंवार दिली जातेच : केंद्रातून परत आल्यावर, आईच्या पाया पडल्यावर, मुलाच्या वाढदिवसाला. माफी ही सशर्त असते आणि पुन्हा तसेच वर्तन घडले तर जुनी क्रूरता पुनरुज्जीवित होते, हेही दास्ताने खटल्यातच सांगितले आहे. म्हणून केव्हा परत नांदायला गेलो, काय वचन मिळाले आणि ते कोणत्या तारखेला मोडले, ते अर्जात स्पष्ट लिहा.

व्यसनाला ‘वेड’ हे नावही देऊ नका. मानसिक आजाराचा पुरावा पुढे आला आणि समोरच्याने तो नाकारला, तर २०१७ च्या कायद्याच्या कलम १०५ नुसार तो प्रश्न मानसिक आरोग्य मंडळाकडे पाठवावा लागतो, आणि मूळ मुद्दा बाजूला राहतो.

पडताळणी : मसुद्यातील प्रत्येक आरोपासमोर पेन्सिलने साक्षीदाराचे नाव किंवा कागदाचा क्रमांक लिहा. समोरची जागा रिकामी राहिली, तर तो आरोप गाळा.

टप्पा ७ : वैद्यकीय तपासणीचा अर्ज

वैवाहिक दाव्यात न्यायालय वैद्यकीय तपासणीचा आदेश देऊ शकते, आणि आदेश असूनही नकार देणाऱ्याविरुद्ध प्रतिकूल अनुमान काढू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने शारदा विरुद्ध धर्मपाल खटल्यात २००३ साली ठरवले. त्याच निर्णयात एक अट आहे : अर्जदाराकडे प्रथमदर्शनी सबळ कारण आणि पुरेशी सामग्री हवी. म्हणून हा अर्ज टप्पा ३ ते ५ पूर्ण झाल्यावरच करावा, पण मुख्य सुनावणीची वाट पाहू नये.

अर्ज एका ओळीचा नको. रोज गांजा ओढणाऱ्याच्या लघवीत तो काही आठवडे सापडू शकतो, अधूनमधून ओढणाऱ्याच्या लघवीत तीन-चार दिवसच. गर्द, कोकेन आणि अँफेटामाइन हे साधारण दोन ते चार दिवसांत दिसेनासे होतात. महिनाभराची आगाऊ तारीख देऊन केलेली लघवीची एकच तपासणी यामुळे निरुपयोगी ठरते. केस दरमहा सुमारे एक सेंटिमीटर वाढत असल्याने मुळापासूनच्या तीन सेंटिमीटर केसांतून साधारण तीन महिन्यांचा इतिहास कळतो. पण ही सोय मोजक्याच प्रयोगशाळांत असते, म्हणून कोठे होईल याची चौकशी आधी करा.

अर्जात पुढील गोष्टी मागा : अल्प सूचनेवर आणि ठरावीक काळात एकाहून अधिक वेळा तपासणी, नमुना देखरेखीखाली घेणे, त्यावर मोहर आणि सह्या, नमुन्यात पाणी मिसळले आहे का हे पाहण्यासाठी तापमान व क्रिएटिनिनची नोंद, आणि चाचणीच्या पट्टीवरील निकाल सकारात्मक आल्यास मास स्पेक्ट्रोमेट्री पद्धतीने खातरजमा. शंका एम.डी.ची, म्हणजे मेफेड्रोनची, असेल, तर तसे नावानिशी लिहा. साध्या पट्टीत मेफेड्रोन सहसा समाविष्टच नसते, आणि ‘सर्व निगेटिव्ह’ असा अहवाल आला की तुमचीच बाजू कोसळते.

चुकीच्या सकारात्मक निकालाचीही तयारी ठेवा. कोडीन असलेले खोकल्याचे औषध, काही सर्दीच्या गोळ्या, आणि अनारशांवरची किंवा मसाल्यातली खसखससुद्धा पट्टीवर गोंधळ घालू शकते. डॉक्टरांनी लिहून दिलेली झोपेची गोळीही निकालात दिसेल. एकट्या निकालावर सारा दावा उभा करू नका.

खबरदारी : प्रत्युत्तरादाखल समोरचा पक्ष तुमचीही तपासणी मागेल. तुम्ही काही घेत असाल, मग ती डॉक्टरांची गोळी असो वा आणखी काही, ते वकिलाला आजच सांगा.

टप्पा ८ : अंतरिम ताबा आणि भेटी

मुख्य निकालाला वेळ लागतो. मुलाला तेवढी वाट पाहता येत नाही. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली अंतरिम ताब्याचा अर्ज मूळ अर्जाबरोबरच द्या. पाच वर्षांखालील मुलाचा ताबा सर्वसाधारणपणे आईकडे असतो. आई व्यसनी आहे असे म्हणणाऱ्या वडिलांना हा ‘सर्वसाधारण’ नियम आपल्या प्रकरणात का लागू नये, ते ठोस घटनांनी दाखवावे लागते.

‘भेट पूर्ण बंद करा’ अशी मागणी क्वचितच मान्य होते, आणि ती करणारा पालक सूडबुद्धीचा वाटू शकतो. त्याऐवजी अटी मागा : भेट न्यायालयातील मुलांच्या कक्षात किंवा ठरलेल्या नातेवाइकाच्या देखरेखीखाली; मुक्काम नाही; मुलाला घेऊन वाहन चालवायचे नाही; भेटीपूर्वी ठरलेल्या मुदतीतील तपासणीचा अहवाल; आणि उपचार सुरू असल्याचा मासिक दाखला. सुधारणा दिसली तर भेटी टप्प्याटप्प्याने वाढतील, असेही तुम्हीच लिहून द्या. मला हे मनापासून सुचवावेसे वाटते, कारण मुलाला आई आणि वडील दोघेही हवे असतात, आणि शुद्धीत परतण्याची वाट उघडी ठेवणाऱ्या पालकावर न्यायाधीशांचाही विश्वास बसतो.

विवाह समुपदेशकांसमोर समोरच्याने व्यसनाची कबुली दिली म्हणून पुरावा मिळाला असे समजू नका. तडजोडीसाठीचे बोलणे गोपनीय धरले जाते. मात्र न्यायालयाच्या आदेशाने समुपदेशक घरभेट देऊन मुलाबाबत अहवाल देतात, तेव्हा घर आवरण्यापेक्षा खरे बोलण्याची तयारी करा. न्यायाधीश मुलाशी एकांतात बोलू शकतात. पढवलेले मूल मोठ्यांचे शब्द वापरते, आणि ते लगेच ओळखू येते.

टप्पा ९ : साक्ष आणि उलटतपास

साक्षीदार मोजके आणि प्रत्यक्ष पाहिलेलेच निवडा. तुमची आई ‘मुलीने सांगितले’ म्हणून जे बोलेल, त्याहून जिन्यात पडलेल्या माणसाला उचलणाऱ्या शेजाऱ्याची पाच वाक्ये मोलाची आहेत. डॉक्टरांना आणि रुग्णालयाच्या नोंदींना समन्सने बोलावण्याचा अर्ज वेळेत द्या; नुसते प्रमाणपत्र दाखल केले आणि ते देणारा साक्षीला आलाच नाही, तर समोरचा पक्ष त्यावर हरकत घेतो.

साक्षीच्या शपथपत्रातील तारखा अर्जातल्या तारखांशी, वहीशी आणि मोबाइलमधील नोंदींशी ओळीने जुळवून पाहा. उलटतपासात ठाऊक नसलेल्या प्रश्नाला ‘मला माहीत नाही’ हेच उत्तर द्या. ‘तुम्ही स्वतः पदार्थ घेताना पाहिले का?’ हा प्रश्न हमखास येतो. पाहिले नसेल तर ‘नाही’ म्हणा आणि जे पाहिले ते सांगा.

निकालानंतरही फाइल बंद करू नका. ताब्याचे आदेश परिस्थितीनुसार बदलता येतात, त्यामुळे प्रत्येक भेटीची तारीख, चुकलेल्या भेटी आणि आलेले तपासणी अहवाल त्याच वहीत पुढे लिहीत राहा. अटी मोडल्या गेल्या किंवा जोडीदार खरोखर सावरला, तर आदेशात बदल मागताना हीच वही लागेल.